बागेतल्या ट्रॅक्टरला जादा दिवे, पण विजेचा हिशेब?

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना लोटलेला, वेलींवर घड फुलोऱ्यात आलेले आणि संध्याकाळी अचानक पावसाची सर. नाशिक, सांगली, सोलापूर किंवा सीमेपलीकडच्या विजापूर भागातल्या द्राक्षबागायतदाराला त्या रात्री झोप नसते. पाने ओली राहिली की डाऊनीची बुरशी काही तासांतच आत शिरते आणि फुलोऱ्यातले घड तिच्या तावडीत सापडले तर वर्षाची मेहनत मातीला मिळते. म्हणून पाऊस थांबला की रात्रीचे दहा असोत नाहीतर दोन, मिनी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेत शिरावेच लागते.

रात्रीचे काम काही द्राक्षवाल्यांच्याच नशिबी आहे असे नाही. पंजाब-हरियाणात भात निघाला की गव्हाच्या पेरणीची एकच घाई उडते, तेव्हा ट्रॅक्टर रात्रंदिवस फिरतात. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी यंत्रावर बसवत नाही, तेव्हा नांगरट चांदण्यात होते. भाड्याच्या यंत्राची पाळी तर ज्या वेळी येईल त्या वेळी घ्यावी लागते. या सगळ्यांची तक्रार एकच असते, ती म्हणजे उजेड पुरत नाही.

ही तक्रार खोटी नाही. लहान ट्रॅक्टर कारखान्यातून येतो तेव्हा त्याला पुढे दोन हेडलाइट असतात आणि मागे, अवजारावर उजेड पडावा म्हणून, एखादा प्लाऊ लॅम्प. हेडलाइट रस्त्यासाठी केलेले असतात. त्यांचा झोत लांब आणि अरुंद पडतो. आठ-नऊ फुटांच्या ओळीतून जाताना बाजूचे लोखंडी अँगल, तारांचे ताण, मागच्या ब्लोअरचे नोझल आणि मुख्य म्हणजे गरगर फिरणारा पीटीओ शाफ्ट, यांतले काहीच त्या झोतात धड दिसत नाही. एखादे नोझल तुंबले तर ते सकाळी, अर्धी ओळ कोरडी राहिलेली पाहिल्यावर कळते. मग चालक बॅटरी हातात धरून खाली उतरतो, चालू शाफ्टजवळ वाकतो आणि गळ्यातला टॉवेल किंवा धोतराचा सोगा त्यात गुंतायला एक क्षण पुरतो. असे अपघात गावोगावच्या लोकांनी पाहिलेले आहेत. तेव्हा जादा दिव्यांना केवळ हौस म्हणणे बरोबर नाही.

प्रश्न आहे तो ते दिवे कसे बसवले जातात याचा. तालुक्याच्या गावी वायरिंगवाल्याच्या दुकानात होणारा संवाद साधारण ठरलेला असतो. "दादा, आणखी चार फोकस बसतील का हिला?" "बसतील की, अण्णा. मडगार्डवर जागा भरपूर आहे." जागा भरपूर असते, यात शंका नाही. तासाभरात चार हॅलोजन मडगार्डवर चढतात, बॅटरीवरून एक तार ओढली जाते, डॅशबोर्डला भोक पाडून एक बटन बसते आणि रात्री बागेत दिवस उगवल्यासारखा उजेड पडतो. दोन-तीन रात्री सगळे खुशीत जातात. चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता टकटक करतो. घरातली सगळी माणसे ट्रॅक्टर उताराला लावून धक्का मारतात आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो. नवी बॅटरी येते. तिचीही तीच गत होते.

चूक बॅटरीची नसते. ट्रॅक्टरवर वीज तयार करतो तो अल्टरनेटर. बॅटरी वीज तयार करत नाही, ती फक्त साठवते. घरात पगार आणि बँकेतली शिल्लक यांचे जे नाते असते तेच या दोघांचे आहे. इंजिन चालू असताना सगळा खर्च अल्टरनेटरच्या कमाईतून भागला पाहिजे आणि वर थोडे शिल्लक टाकता आले पाहिजे, कारण सेल्फ मारताना दीड-दोनशे अँपिअरचा मोठा खर्च शिल्लकीतूनच होतो. खर्च कमाईपेक्षा वाढला तरी दिवे लगेच मंद होत नाहीत. बॅटरी मुकाट्याने तूट भरत राहते, आणि म्हणूनच मालकाला काही कळत नाही.

आता कमाई किती, हे पाहणे अवघड नाही. अल्टरनेटरच्या अंगावर पाटी किंवा कोरलेला आकडा असतो. पाटीवर १४ व्होल्ट, ३५ अँपिअर असे लिहिले आहे असे धरू. पण हा आकडा वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही. एवढी वीज मिळते ती अल्टरनेटर वेगाने फिरत असताना. इंजिन स्लोवर असताना कित्येकदा त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळते. शिवाय तापलेला अल्टरनेटर थंड अल्टरनेटरपेक्षा कमी देतो. पट्टा ढिला असेल तर त्याहून कमी.

फवारणीच्या कामात ही गोष्ट फार आड येते. ब्लोअर चालू असतो तोवर पीटीओचे ५४० फेरे राखण्यासाठी इंजिनला चांगली रेस असते, म्हणून वीजही भरपूर असते. मात्र टाकी संपली की ट्रॅक्टर बांधावर येतो. औषध कालवून टाकी पुन्हा भरेपर्यंत दहा मिनिटे इंजिन स्लोवर धुगधुगत राहते आणि उजेड हवा म्हणून दिवे सगळेच्या सगळे चालू असतात. रात्रीत अशा सहा टाक्या झाल्या की एक तास भरला.

त्या चार हॅलोजनचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वॅटला १२ ने भागले की अँपिअर येतात. खरे व्होल्टेज थोडे जास्त असले तरी अंदाजाला हा भागाकार पुरेसा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॅट, सुमारे ९ अँपिअर. मागचे लाल दिवे आणि मीटरचे दिवे मिळून सव्वा अँपिअर. ५५ वॅटचा प्लाऊ लॅम्प साडेचार अँपिअर. कंपनीच्या दिव्यांचा खर्च असा १५ अँपिअरच्या आसपास जातो, आणि तो ३५ च्या कमाईत सहज बसतो. आता त्यात ५५ वॅटचे चार हॅलोजन टाकले की २२० वॅट वाढले, म्हणजे आणखी १८ अँपिअर. एकूण झाले ३३. कागदावर अजून दोन अँपिअर उरतात. वायरिंगवाला कधी हिशेब करतोच, तर इथपर्यंत येऊन थांबतो.

पण टाकी भरतानाच्या त्या एका तासाचे काय? इंजिन स्लोवर असताना समजा १५ अँपिअर मिळत असतील तर उरलेले १८ बॅटरीतून जातात. तासाभरात १८ अँपिअर-तास. ५० अँपिअर-तासांच्या बॅटरीची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पुंजी तेवढ्यातच संपली. ती भरून काढायला पूर्ण वेगाच्या वेळी हाताशी आहेत फक्त दोन अँपिअर, आणि तेही अल्टरनेटर थंड व नवा असेल तर. पाच-सहा तास फवारणी चालली तरी दहा-बारा अँपिअर-तासच परत पडतात, त्यातलेही काही बॅटरी भरताना वाया जातात. रोज रात्री अशी थोडी थोडी तूट साठत जाते. चौथ्या दिवसाचा धक्का हा त्या तुटीचा परिणाम असतो.

जादा भाराने अल्टरनेटर जळतो, असे सरसकट म्हटले जाते. प्रत्यक्षात तो एकदम जळत नाही. चुंबकाची आणि तारेच्या वेटोळ्यांची रचनाच अशी असते की ठराविक मर्यादेपलीकडे तो वीज देऊच शकत नाही. मागणी त्याहून वाढली की व्होल्टेज खाली येते, एवढेच. नुकसान होते ते सावकाश. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर थोडा वेळ जोर लावून एरवी आरामात चालणारा असतो. त्याला रात्रभर शंभर टक्के जुंपले तर आतले डायोड आणि तारेवरचे वार्निश तापत राहते. त्यात फवारणीचा ओलावा आणि धूळ त्याच्या जाळीवर बसून हवा अडवतात. चार-पाच वर्षे जाणारा भाग एका हंगामात जातो. पाटीवरच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांश इतकाच कायमचा भार ठेवावा, असा ठोकताळा धरला तर ३५ अँपिअरच्या अल्टरनेटरवर २६ च्या पुढे जाऊ नये.

मोठा अल्टरनेटर बसवणे हा एक मार्ग असतो, नाही असे नाही. पण त्याला नवे ब्रॅकेट लागते, पट्टा बदलावा लागतो, बॅटरीपर्यंतची जाड तार बदलावी लागते. शिवाय ती वीज फुकट येत नाही. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पायडल जड लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे सांगायला नको. ३५ अँपिअर पूर्ण घेतले की इंजिनची एक-सव्वा अश्वशक्ती तिकडे जाते, आणि अठरा अश्वशक्तीच्या यंत्राला ब्लोअर ओढताना ती जाणवते.

सुदैवाने खर्चच कमी करण्याची सोय आता झाली आहे. निळा प्रकाश देणारा तेजस्वी एलईडी १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तयार केला आणि त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळू लागला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आज तालुक्याच्या बाजारात मिळणारा चौकोनी किंवा गोल एलईडी फोकस हे त्याच शोधाचे लेकरू. ५५ वॅटचा हॅलोजन साधारण चौदाशे-पंधराशे ल्यूमेन प्रकाश देतो आणि बाकीची वीज उष्णता होऊन जाते. पावसाचे थेंब पडून त्याची काच तडकते ती यामुळेच. चांगल्या बनावटीचा १८ वॅटचा एलईडी तितकाच प्रकाश देतो आणि तो सगळा समोरच फेकतो. हॅलोजनचा प्रकाश चहूकडे पसरतो. आरशाने गोळा करून पुढे पाठवताना त्यातला बराच वाया जातो, म्हणून जमिनीवर एलईडीचाच उजेड अधिक दिसतो.

तोच हिशेब पुन्हा केला तर चित्र पालटते. १८ वॅटचे चार एलईडी म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. प्लाऊ लॅम्पच्या जागीही एलईडी घातला तर दीड अँपिअर. हेडलाइट आणि लाल दिवे धरून एकूण १८. कंपनीच्या मूळ खर्चापेक्षा फक्त ३ अँपिअर जास्त. बागेत शिरल्यावर हेडलाइट बंद ठेवले तर खर्च ९ अँपिअरवर येतो, म्हणजे बांधावर इंजिन स्लोवर असतानाही बॅटरी भरतच राहते. अल्टरनेटरला हातही लावावा लागत नाही.

मात्र खरेदी करताना खोक्यावरच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. या बाबतीत बाजारात जो बिनदिक्कत खोटेपणा चालतो तो चीड आणणारा आहे. फोकसमध्ये ४२ ठिपके असले की प्रत्येकाचे तीन वॅट धरून खोक्यावर १२६ वॅट छापले जाते. प्रत्यक्षात तो ३०-३५ वॅटच घेत असतो. विजेच्या हिशेबाला हे सोयीचे असले तरी पैसे १२६ वॅटचे मोजलेले असतात. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून दिव्याच्या एका तारेत जोडायचा, दिवा चालू इंजिनच्या बॅटरीवर लावायचा आणि आलेल्या अँपिअरला १४ ने गुणायचे. अडीच अँपिअर आले तर दिवा ३५ वॅटचा, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. दिवा हातात घेऊन वजनही पाहावे. एलईडीला आयुष्य देते ती त्याच्या पाठीची ॲल्युमिनियमची पन्हाळीदार पाठ, आणि ती पत्र्यासारखी पातळ असेल तर दिवा लवकर मंदावतो. आयपी-६७ ही खूण असलेला दिवा धूळ आणि पाणी आत घेत नाही. बोर्डो मिश्रणाचे आणि गंधकाचे तुषार रोज अंगावर घेणाऱ्या यंत्राला ही खूण हवीच.

काही जण वेगळा दिवा न बसवता हेडलाइटमधला बल्बच बदलतात आणि १००/९० वॅटचा घालतात. हा सर्वांत वाईट उपाय. मूळ तारा, होल्डर आणि स्विच हे ६०/५५ वॅटच्या बल्बसाठी असतात. होल्डर वितळतो, स्विच काळा पडतो आणि तारांच्या जुडग्यात कुठेतरी प्लॅस्टिक चिकटून शॉर्ट होते. इंजिनजवळ डिझेलने ओलसर झालेली धूळ असतेच. ट्रॅक्टर पेटल्याच्या बातम्यांत कारण म्हणून शॉर्टसर्किट लिहिलेले असते, त्यामागे कित्येकदा अशीच एखादी वायरिंगची करामत निघते.

तारेकडे तर कोणी लक्षच देत नाही. वास्तविक निम्म्या ट्रॅक्टरांचा उजेड तारेतच हरवलेला असतो. एक स्क्वेअर एमएमच्या तारेने मागच्या दोन हॅलोजनना ९ अँपिअर पाठवले आणि जाण्यायेण्याची मिळून ८ मीटर तार झाली तर सव्वा व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच खर्च होतो. हे जवळजवळ दहा टक्के झाले. पण तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के उतरले तर प्रकाश तीस टक्के उतरतो. तीच तार अडीच स्क्वेअर एमएमची असेल तर वाटेतली घट अर्ध्या व्होल्टवर येते. जुन्या ट्रॅक्टरवर नवे दिवे घेण्याआधी जाड तार, स्वच्छ घासलेला बॉडी अर्थ आणि एक रिले एवढे करून पाहिले तरी पुष्कळांना नव्या दिव्यांची गरजच उरत नाही.

रिले म्हणजे एक लहानसा विजेवर चालणारा स्विच. डॅशबोर्डवरच्या बटनातून जाते फक्त रिलेला जागे करणारी चिमूटभर वीज. दिव्यांची खरी वीज बॅटरीपासून जाड तारेने, रिलेतून सरळ दिव्यांकडे जाते. त्यामुळे बटन तापत नाही. साधा चार पायांचा रिले मिळतो. त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीची तार, ८७ ला दिव्यांची, ८६ ला बटनाची आणि ८५ ला अर्थ. बटनाला वीज किल्लीच्या स्विचमधून द्यावी, म्हणजे किल्ली काढली की दिवेही बंद होतात आणि दमून घरी आलेल्या माणसाच्या हातून ते रात्रभर चालू राहत नाहीत. मागचा एकच लहान एलईडी मात्र स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीवर ठेवावा. इंजिन मधेच बंद पडले तर काळोख्या बागेत चालक निदान आंधळा होत नाही, आणि दीड अँपिअरने बॅटरीला काही होत नाही.

फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवावा. दिव्यांपाशी बसवलेल्या फ्यूजचा उपयोग नाही, कारण तार घासून शॉर्ट होते ती मधल्या वाटेवर. ६ अँपिअरच्या चार एलईडींना १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडाला तर कारण शोधायचे असते, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवायचे नसते. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी रात्री दोन वाजता चांदीच गुंडाळली जाते. त्यापेक्षा टूलबॉक्समध्ये दोन-चार फ्यूज टाकून ठेवलेले बरे.

याहून लहान यंत्रांची गोष्ट जरा निराळी. गोल्फची मैदाने, मोठ्या बंगल्यांची आवारे इथे हिरवळ कापायला जे बसके बागट्रॅक्टर असतात, त्यांच्यात पट्ट्यावरचा अल्टरनेटर बहुधा नसतो. इंजिनच्या फ्लायव्हीलमध्येच लोहचुंबक बसवलेले असतात आणि आत एक स्थिर कॉइल असते. मूळ अमेरिकी पद्धतीच्या या यंत्रांत बॅटरी भरायला कुठे ३ अँपिअर, कुठे ९, कुठे १५-१६ अशी वीज मिळते, आणि त्यावर पाटी नसते. माहितीपुस्तकच उघडावे लागते. काहींत तर बॅटरीला ३ अँपिअर आणि दिव्यांना वेगळी, घरातल्यासारखी उलटसुलट वाहणारी वीज अशी दुहेरी सोय असते. तिच्यावर साधा एलईडी लावला तर तो लुकलुकतो किंवा जातो. बॅटरी नसलेल्या पॉवर टिलरवरही हाच अनुभव येतो. तिथे मधे रेक्टिफायर घालावा लागतो, किंवा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालेल असे स्पष्ट लिहिलेला दिवा घ्यावा लागतो. आहे तीच यंत्रणा ठेवून २७ वॅटचे दोन बल्ब काढून १० वॅटचे दोन एलईडी घातले, की साडेचार अँपिअरचा खर्च पावणेदोनवर येतो. अशा यंत्रावर याहून अधिक हाव धरू नये.

दिवे कुठे बसवायचे, यावर उजेडाचा अर्धा उपयोग अवलंबून असतो. डोळ्यांच्या जवळ, छताच्या कडेला बसवलेला झगझगीत दिवा फवारणीच्या धुक्यावर आपटून परत चालकाच्याच डोळ्यांत येतो. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असा एक समज आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांना रंगाचे काही सोयरसुतक नसते. फरक पडतो तो जागेने. दिवे डोळ्यांपासून दूर, खाली आणि बाजूला असावेत. पिवळसर दिवा घेण्यात फायदा आहे तो वेगळा. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जितके झेपावतात तितके पिवळ्यावर येत नाहीत, आणि सहा तास तोंडावर किडे घेत ट्रॅक्टर हाकणाऱ्याला त्याचे मोल कळते. बाजूचे दिवे मडगार्डच्या रेषेच्या आत ठेवावेत, नाहीतर पहिल्याच रात्री वेलींच्या काड्या ते उपटून नेतात. मागचा एक दिवा खाली, पीटीओ शाफ्ट आणि नोझलवर रोखलेला असावा. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कवच बसवून झाल्यावर, त्याऐवजी नव्हे.

बाग संपून ट्रॅक्टर रस्त्यावर चढला की हेच दिवे इतरांच्या जिवावर उठतात. मागे पांढरा फोकस चालू ठेवून ट्रॅक्टर जात असेल तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वाटते, समोरून वाहन येते आहे. तो डोळे दिपून बाजूला घेतो आणि ब्लोअरच्या किंवा ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या बाजूला लालच दिवा दिसायला हवा. पांढऱ्याला मुभा आहे ती वाहन मागे घेताना. कामाचे दिवे रस्त्यावर बंदच हवेत, म्हणून त्यांचे बटन हेडलाइटच्या बटनापासून वेगळे असावे आणि त्यावर लाल ठिपक्याचा सूचक दिवा असावा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्यांवर वाहने आदळून घरेच्या घरे उजाड झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. हजारो रुपये फोकसवर घालणाऱ्याने ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवू नये, हे काही समजण्यासारखे नाही.

सगळे बसवून झाल्यावर परीक्षा घ्यायची ती साध्या मल्टिमीटरने. काही शेकड्यांत तो मिळतो आणि दहावीतला मुलगा किंवा मुलगी तो हाताळू शकते. शाळेत व्होल्टमीटर शिकवलेला असतोच. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावायच्या. इंजिन बंद, रात्रभर विसावलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन चालू करून कामाच्या वेगावर आणायचे आणि सगळे दिवे लावायचे. मीटर १३.५ ते १४.४ दाखवत असेल तर कमाई पुरते आहे. १३ च्या खाली येत असेल तर बॅटरी खर्ची पडते आहे. आता रेस कमी करून इंजिन स्लोवर सोडायचे आणि पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहायचे. इथेही आकडा १३ च्या वर टिकला तर बांधावर टाकी भरताना दिवे बिनधास्त चालू ठेवता येतील. न टिकल्यास दोन दिवे तेवढ्यापुरते बंद करावेत, किंवा रेस जरा वाढवावी. फक्त एक पथ्य: इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढून पाहू नये. "तार काढ, इंजिन चालू राहिले तर चार्जिंग ठीक" ही जुन्या डायनामोच्या काळातली परीक्षा अजून काही मिस्त्री करतात. तार सुटताच व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर व नवे एलईडी एका झटक्यात जाऊ शकतात.

हीच मोजणी छाटणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच एकदा करून घ्यावी. अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, तो सेंटिमीटरभर लवला पाहिजे. जास्त लवत असेल तर ताणावा, चिरा पडल्या असतील तर बदलावा. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावावे आणि अल्टरनेटरच्या जाळीवरची धूळ हवेने उडवावी. पावसाची सर आली त्या रात्री यातले काहीच करायला वेळ मिळत नाही.